सही जुळत नाही

गेल्या महिन्यात आमच्या कन्येने एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबा, शुद्धलेखन तेवढं बघा. बाकी सगळं बरोबर आहे." निबंधाचा विषय होता 'माझे बाबा'. आपल्यावर लिहिलेला निबंध आपणच तपासायचा, असा योग फार थोड्यांच्या नशिबी असतो. मोठमोठ्या पुढाऱ्यांना आपल्या गौरवग्रंथाची प्रुफं तपासायला मिळतात, तेवढंच. मी चष्मा पुसला, पंखा एकने कमी केला आणि वाचायला बसलो.

निबंधातले बाबा संध्याकाळी कामावरून येत. कितीही दमलेले असले तरी त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत नसे. आल्या आल्या ते मुलांना जवळ घेऊन अभ्यासाची चौकशी करीत. रविवारी सर्वांना बागेत नेत. ते फणसासारखे होते, वरून काटेरी आणि आतून गोड. शिवाय ते आईला घरकामात मदत करीत. हे वाक्य मी मोठ्यांदा वाचल्यावर स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

"हे तू लिहिलंस?"

"मोबाईलने लिहिलं. मी फक्त विषय सांगितला. सहा सेकंदांत देतो."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी चकित झालो होतो. कारण निबंधातल्या त्या गृहस्थांना मी ओळखत होतो! मी म्हणजे ते नव्हेत, हे उघड आहे. पण त्यांची-माझी ओळख जुनी. १९९४-९५ साली मी नववीत असताना आमची पहिली गाठ पडली. फणस तोच, बाग तीच, रविवारही तोच. तीस वर्षांत त्यांचा एक केस पांढरा झाला नव्हता. इकडे माझे किती उरलेत, ते सांगत नाही.

मी स्टुलावर चढलो आणि माळ्यावरून एक पुस्तक काढलं. त्या पुस्तकाची समीक्षा करण्यासाठी हा लेख आहे. मराठीत कवितासंग्रहाच्या तीनशे प्रती निघतात आणि त्यावर चार परीक्षणं येतात. पण ज्या पुस्तकाच्या प्रती घरोघरी वाचल्या गेल्या, पाठ केल्या गेल्या, उत्तरपत्रिकेत ओकल्या गेल्या, त्या निबंधाच्या गाईडवर मी तरी आजवर एक ओळ परीक्षण वाचलेलं नाही. मी बी.कॉम. सेकंड क्लास. समीक्षेचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. परंतु रिकाम्या काउंटरवर कोणी बसत नसेल तर कारकुनाने बसावं, या न्यायाने मी बसतो.

पुस्तकाचं नाव ठाऊक नाही. लेखकाचं नाव ठाऊक नाही. मुखपृष्ठ आणि पहिली आठ पानं गेलेली आहेत. त्यामुळे हे पुस्तक हातात घेतलं की आत असलेला 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' हा निबंध लेखकाचा एकमेव स्वानुभवाचा निबंध आहे असं वाटतं. निबंधांचे विभाग आहेत पाच : वर्णनात्मक, कथनात्मक, आत्मवृत्तात्मक, कल्पनाप्रधान आणि वैचारिक. आता पाठ्यपुस्तकात नावं बदललीत. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन असं म्हणतात. खात्याचं नाव बदललं तरी शिल्लक तीच पुढे ओढायची असते, हे आम्हा बँकवाल्यांना सांगायला नको.

वर्णनात्मक विभागाचा मुकुटमणी म्हणजे 'मी पाहिलेली पहाट'. पूर्व दिशेला केशरी रंगाची उधळण होते, कोंबडा आरवतो, गोठ्यातल्या गाई हंबरतात, बैलांच्या गळ्यातल्या घंटा किणकिणतात आणि डोंगराआडून सूर्यबिंब वर येतं. हे सगळं मी स्वतः पाहिलं असल्याचं मी लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर बसून तीन वेळा लिहून दिलेलं आहे. आमच्या खिडकीतून पूर्व दिशा दिसत नसे. समोरच्या चाळीतले लेंगे दिसत. पहाट आमच्याकडेही व्हायची, पण ती साडेचारला नळातून यायची. आधी नळ खाकरायचा, मग थुंकायचा, मग करंगळीएवढी धार धरायचा. हंडे, कळश्या, एक तेलाचा डबा आणि त्यांच्यामागे झोपेत उभी असलेली चाळ. एकदा मी गाई आणि बैल यांच्या मधोमध, का कोण जाणे, हे नळाचं वाक्य घातलं. सरांनी त्याखाली लाल रेघ मारून लिहिलं : 'विषयाला सोडून'. सर आमच्याच मागच्या गल्लीत राहत. पहाटे साडेचारला तेसुद्धा लेंगा-बनियनवर बादली घेऊन उभे असत. म्हणजे विषय त्यांना पुरता ठाऊक होता.

आत्मवृत्ताचं तंत्र त्याहून पक्कं. लेखक फिरायला निघतो. दमतो. कुठेतरी टेकतो. तेवढ्यात कण्हण्याचा आवाज येतो. इकडेतिकडे पाहावं तो कोणीच नाही! "घाबरू नकोस बाळ, मीच बोलतोय," असं म्हणून एखादी छत्री, एखादा पडका किल्ला, एखादा रस्त्यातला दगड बोलायला लागतो. पूर्वी सगळ्यांचे दिवस वैभवाचे असतात. मग सगळे अडगळीत पडतात. शेवटी आवाज बंद होतो आणि लेखक भानावर येतो. या विभागात आनंदी वस्तू एकही नाही. छत्रीने कधी म्हटलं नाही की बाबा रे, माझं बरं चाललंय, तू आपला घरी जा. महाराष्ट्रातल्या पिढ्यान् पिढ्या मुलांनी फाटक्या छत्रीचं दुःख कान देऊन ऐकलं. घरातल्या माणसांना कोणी विचारलं नाही, कारण ती विभागातच नव्हती.

आणि आता ते 'माझे बाबा'. पान ३१.

माझे वडील गिरणीत साचे खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही, असं आमच्या भागात अजून सांगतात. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर माझे वडील शेवटपर्यंत संपावरच होते. मधल्या काळात पोट भरायचं म्हणून ते शिवडीच्या एका गोदामावर रात्रीचे रखवालदार झाले. सकाळी आठला घरी येत, चहा घेत आणि खोलीच्या अर्ध्या भागाला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावून झोपत. त्यामुळे आम्ही तिन्ही भावंडं कुजबुजत भांडायला शिकलो. ही कला फार अवघड आहे. समोरच्याच्या कानात शिवी द्यायची म्हणजे आधी त्याने कान पुढे करावा लागतो.

नववीत सरांनी फळ्यावर 'माझे बाबा' असं लिहिलं, तेव्हा मी पान ३१ वरचे बाबा उतरवून काढले. त्यात मला काही चुकीचं वाटलं नाही. पहाट जशी पुस्तकातली लिहायची, तसे बाबाही पुस्तकातलेच लिहायचे असणार. पुस्तकातले बाबा सहा वाजता ऑफिसातून घरी येत. आमचे सहा वाजता डबा घेऊन घराबाहेर पडत. हे लिहून चाललं असतं का? माझ्या बाकावरच्या तिघांपैकी दोघांचे वडील संपातले होते. तिघांच्याही वह्यांत एकच बाबा संध्याकाळी ऑफिसातून घरी आले.

मला दहापैकी साडेआठ मिळाले. सरांनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, "घरी दाखवून सही आण."

वडील सातवीपर्यंत शिकलेले. वाचताना ओळीवर बोट ठेवीत. साच्यावर धागा तुटला की डोळ्यांआधी बोटाला कळतं, असं ते सांगत; वाचनातही त्यांचा बोटावरच विश्वास. त्यांनी पूर्ण निबंध बोटाखालून घातला. वर बघून विचारलं, "हा कोण?"

मी म्हटलं, "तुम्ही."

ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. बागेच्या वाक्यावर बोट थांबलं. मग म्हणाले, "माणूस चांगला आहे." आणि खाली सही केली, पगाराच्या वहीत करायचे तशी, पूर्ण नावाची.

त्या रविवारी रात्रपाळी करून आल्यावर ते झोपले नाहीत. आंघोळ केली आणि आम्हा तिघांना घेऊन राणीच्या बागेत गेले. चालत. हत्तीसमोरच्या बाकावर बसले आणि बसल्या बसल्या झोपून गेले. मान पुढे, हात मांडीवर, हातात शेंगांची पुडी. आम्ही बराच वेळ हत्ती पाहिला. हत्तीनेही आम्हाला पाहिलं. मग धाकट्याने शेवटची शेंग घेतली म्हणून आम्ही भांडलो, अर्थातच कुजबुजत. वडील जागे झाले तेव्हा ऊन बाकावर आलं होतं. मला म्हणाले, "झालं ना आता?" मी काय बोललो ते आठवत नाही.

पुढच्या चाचणीत 'अविस्मरणीय प्रसंग' हा विषय होता. मी पान ४४ वरून पुरात वाहून जाणाऱ्या मुलाला वाचवलं. मला पोहता येत नाही.

माझ्या कामातलं एक काम म्हणजे चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहणं. सही कितीही डौलदार असो, रक्कम अक्षरी आणि अंकी जुळत असो, तारीख बिनचूक असो. खात्यातल्या नमुन्याशी सही जुळली नाही तर चेक परत. माणूस समोर उभा राहून "अहो, मीच तो" म्हणाला तरी परत. साहित्य तपासायला माझ्याजवळ दुसरं माप नाही. या मापाने पाहिलं तर गाईडमधला एकही 'मी' पास होत नाही. भाषा स्वच्छ आहे, विरामचिन्हं आपापल्या जागी आहेत, उपमा मुबलक आहेत. फक्त सही जुळत नाही. आणि आम्ही दर वर्षी हजारोंनी असे चेक लिहीत होतो आणि सर ते वटवत होते!

हा लेखनप्रकार मुळात असा नव्हता. १५८० साली मोंतेन नावाच्या फ्रेंच गृहस्थाने अशा लेखांचं पुस्तक काढलं आणि त्याला जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो 'प्रयत्न'. जमलं तर जमलं! हा माणूस आमच्यासारखाच नोकरीतला, न्यायालयात होता. अडतिसाव्या वर्षाच्या सुमारास तिथून मोकळा झाला आणि स्वतःविषयी लिहू लागला. काय लिहिलं? आपल्याला मुतखड्याचा त्रास किती होतो. मुळा आधी मानवत असे, मग मानवेनासा झाला, आता पुन्हा मानवतो. आमच्या सरांनी मुळ्याखाली तीन रेघा मारल्या असत्या. आपल्याकडे शब्द आला 'निबंध'. त्याचा मूळ अर्थच बांधणं. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा त्या बांधणीत दम होता. त्यातलं मत पटो न पटो, कोणाचं आहे याबद्दल शंका येत नाही. पुढे १९३३ मध्ये ना. सी. फडक्यांच्या 'गुजगोष्टी' आल्या, लघुनिबंध म्हणून लोक कौतुकाने वाचू लागले, आणि 'मी' जरा सैल होऊन खुर्चीत बसला. शाळेत पोचेपर्यंत मात्र मोंतेनचा प्रयत्न गेला, चिपळूणकरांचं मत गेलं, फडक्यांची खुर्चीही गेली. बांधण्याची दोरी तेवढी राहिली.

'माझे वडील' कसं लिहावं हे ज्याला पाहायचं असेल त्याने लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' उघडावं. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झालं. सुरुवातीलाच वडील येतात ते सोवळ्याओवळ्याचं वेड घेऊन. त्या वेडाने अख्खं घर कसं जेरीस आलं होतं, ते बाई सांगतात, आणि त्या वाचकाला हसवतात. बापाला कुठे झाकलेलं नाही आणि कुठे उणंही केलेलं नाही. अक्षरओळख बाईंना नवऱ्याने घरी करून दिलेली. शाळेत जाऊन निबंध लिहिण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही, हे मराठी वाङ्मयाचं केवढं भाग्य!

शाळा माणसाच्या बोटांत किती खोल जाते याचा दाखला माझ्याच टेबलावर मिळाला. आमच्या शाखेत भाजी विकणाऱ्या एक आजी येतात. त्यांचं पासबुक हरवलं, अर्ज हवा होता. त्या म्हणाल्या, "लिही बाबा, पासबुक उंदरानं खाल्लं. मी डब्यात ठेवायला पायजे होतं, पण डब्यात पीठ होतं." मी लिहिलं : 'वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवण्यात येते की सदर पासबुक अनवधानाने गहाळ झाले आहे.' वाचून दाखवलं. आजी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "यात उंदीर कुठाय?"

तेव्हा सरांना मी कोणत्या तोंडाने बोल लावू? त्यांच्यापुढे बासष्ट वह्यांचा गठ्ठा असे. बासष्ट मुलांनी बासष्ट खरे बाप लिहिले असते, तर त्यांना गुण कसे द्यायचे? रखवालदाराला साडेसहा आणि ऑफिसवाल्याला साडेआठ? गाईड लिहिणाऱ्यावरही माझा रोष नाही. बिचाऱ्याने छापलेल्या पानांच्या हिशेबाने पैसे घेऊन शंभर पहाटी उगवल्या असतील. आणि खरं सांगायचं तर आमच्या खोलीत वर्तमानपत्र सोडून शुद्ध मराठीचं पुस्तक ते एकच होतं. 'प्राची', 'उधळण', 'किणकिणणे' हे शब्द मला तिथेच भेटले. त्या उसन्या मराठीवर मी दहावी ओलांडली आणि बँकेच्या परीक्षेतला निबंधही मारला. 'बँकांचे ग्रामीण विकासातील योगदान' हा विषय होता आणि तोपर्यंत मी खेडं फक्त 'मी पाहिलेली पहाट'मध्ये पाहिलं होतं. म्हणजे ज्या कर्जाविरुद्ध मी ओरडतो आहे, त्याच कर्जावर माझं घर उभं आहे. कर्ज घेण्यात काही गैर नाही. आमची बँक त्यावरच चालते. पण उसने बाबा परत करायचे असतात, हे मला कोणी सांगितलं नाही आणि ते मी वडिलांच्या हयातीत केलं नाही.

मोबाईलला तरी काय बोलणार? त्याने आमच्याच वह्या वाचल्या असणार. आम्ही फणस दिला, त्याने फणस परत केला.

मी कन्येला म्हटलं, "हा निबंध नको. तुला जे बाबा दिसतात ते लिही."

"खरंच?"

तिच्या या 'खरंच?'मधल्या उत्साहाने मी सावध व्हायला हवं होतं. तिने लिहिलं, ते थोडक्यात असं : 'माझे बाबा बँकेत आहेत. घरी आले की ते आधी बाल्कनीत जाऊन उभे राहतात. तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नसतं. आई म्हणते, त्यांच्या डोक्यातला काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं लागतात. ते विनोदी लेख लिहितात. लोकांना ते आवडतात. घरी ते विनोद करत नाहीत. मी त्यांचा एक लेख आत्याकडे वाचला तेव्हा मला कळलं, की त्यांना हत्ती आवडतो.'

माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. "हे विनोदाचं वाक्य काढ," मी म्हटलं. "विषयाला सोडून आहे."

"मग मोबाईलवरचे बाबा देऊ?"

मी तो कागद पुन्हा वाचला. ओळीवर बोट ठेवून वाचला. मग खाली 'पालकांची सही' असं होतं तिथे सही केली, पूर्ण नावाची.

परवा वही परत आली. आठपैकी पाच. बाईंनी शेरा दिला होता : 'बाबांचे इतर गुणही लिहावेत.'

सौभाग्यवतींनी तो वाचला, वही मिटली आणि म्हणाल्या, "आता ते कुठून आणायचे?"